जँगो फॉर्मचे एरर मेसेज आपल्या भाषेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, नांदेडकडची पोरं-पोरी जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) शिकतात आणि बचत गटासाठी, शेतकरी उत्पादक कंपनीसाठी, नाहीतर क्लासच्या प्रवेशासाठी फॉर्म बनवतात. पहिल्या आठवड्यातच विचारणा येते: लाल अक्षरांतलं ते इंग्रजी वाक्य बदलायचं कसं? तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत लिहून कंटाळलो, म्हणून इथे एकत्र ठेवली आहेत. कोडमधली नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि जिथे खालची रेघ दिसेल तिथे रेघेसकट.

१. एरर मेसेज म्हणजे नेमका कुठला? लाल अक्षरांतला, की रकान्याखाली उडी मारून येणारा तो छोटा फुगा?

दोन्ही, पण दोघांचा मालक वेगळा. फुगा ब्राउझरचा असतो. सबमिट दाबलं की सर्व्हरकडे काही जायच्या आधीच तो उगवतो, जँगोला त्याचा पत्ताही नसतो. लाल अक्षरांतला मेसेज जँगोचा: माहिती सर्व्हरवर गेली, तपासली गेली, पान परत आलं. कुठलाही मेसेज बदलायला घेण्याआधी तो कुणाचा ते ओळखा. पान पुन्हा लोड झालं तर जँगोचा, नाही झालं तर ब्राउझरचा. अर्धे प्रश्न इथेच सुटतात. फुग्याचं औषध प्रश्न ७ मध्ये आहे.

२. एकाच फील्डचा मेसेज बदलायचाय. सगळ्यात सोपं काय?

फॉर्ममध्ये फील्ड लिहिताना त्याला ‘एरर_मेसेजेस’ नावाची डिक्शनरी द्या. तिच्यात डाव्या बाजूला कुठली चूक ते सांगणारा शब्द, म्हणजे किल्ली, आणि उजव्या बाजूला तुमचं वाक्य. रकाना रिकामा राहिला तर ‘रिक्वायर्ड’, माहिती त्या प्रकारची नसेल तर ‘इनव्हॅलिड’, लांबीसाठी ‘मॅक्स_लेंग्थ’ आणि ‘मिन_लेंग्थ’, आकड्यांसाठी ‘मॅक्स_व्हॅल्यू’ आणि ‘मिन_व्हॅल्यू’, यादीबाहेरच्या पर्यायासाठी ‘इनव्हॅलिड_चॉइस’. जी किल्ली दिली तेवढाच मेसेज बदलतो, बाकीचे मूळचेच राहतात. किल्लीच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर जँगो तक्रार करत नाही, मुकाट्याने जुनाच मेसेज दाखवतं.

३. पन्नास फील्ड आहेत. प्रत्येकात तेच लिहीत बसू का?

नको. एक पायाभूत फॉर्म क्लास करा. त्याच्या सुरुवातीच्या ‘इनिट’ मेथडमध्ये ‘सेल्फ.फील्ड्स’वर फिरून प्रत्येकाचा ‘रिक्वायर्ड’ मेसेज बदला आणि बाकीचे फॉर्म त्याच्यापासून बनवा. लेबल वापरणार असाल तर एक खड्डा आहे: साध्या फॉर्ममध्ये लेबल स्वतः लिहिलं नसेल तर ‘फील्ड.लेबल’ त्या क्षणी रिकामं (पायथनच्या भाषेत ‘नन’) असतं. पानावर दिसणारं लेबल जँगो नंतर फील्डच्या नावावरून बनवतं. मग तुमच्या वाक्यात ‘नन भरा’ असं छापून येतं. आमच्याकडे आलं होतं.

दुसरा मार्ग भाषांतराच्या फाइलचा, तो प्रश्न ५ आणि ६ मध्ये.

४. लेबल जोडून आपोआप वाक्य बनवलं, पण मराठी वाकडी येतेय. ‘हा तारीख आवश्यक आहे’!

इंग्रजीत एका साच्यात कुठलाही शब्द बसतो. मराठीत बसत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक, लिंग. पत्ता रिकामा राहिला, तारीख रिकामी राहिली, नाव रिकामं राहिलं. साच्यात ‘हा’ लिहिलं की तीनपैकी दोन ठिकाणी चूक ठरलेलीच.

दुसरं जास्त चिवट: सामान्यरूप. लेबलला प्रत्यय चिकटवला की शब्दच बदलतो. ‘तालुका’ला ‘त’ लावला की ‘तालुक्यात’ होतं, ‘तालुकात’ नाही. ‘पत्ता’चं ‘पत्त्यात’, ‘पीक’चं ‘पिकाचं’. कोडला हे कळत नाही, त्यामुळे ‘पीकचं नाव’ असलं काहीतरी तयार होतं आणि वाचणाऱ्याला लगेच समजतं की हे माणसाने लिहिलेलं नाही.

मी आता लेबल अवतरणात एकटं ठेवतो आणि वाक्य असं निवडतो की लेबलचं लिंग लागू नये: ‘तालुका’ – इथे माहिती भरायची राहिली आहे. ‘माहिती’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘राहिली’ कायम बरोबर. लेबल काहीही असो, वाक्य मोडत नाही. आज्ञार्थही चालतो: ‘तारीख’ भरा, ‘पत्ता’ भरा, ‘नाव’ भरा. थोडं तुटक वाटतं, पण व्याकरण सांभाळतं. मोजकी पाच-सात महत्त्वाची फील्ड असतील तर साचा बाजूला ठेवा आणि हातानेच लिहा. ‘सातबाऱ्यावर आहे तसाच गट क्रमांक लिहा’ हे वाक्य कुठल्याही साच्यातून निघणार नाही.

शब्द कुठले वापरायचे हेही बरेच जण विचारतात. ‘वैध प्रविष्टी आवश्यक’ हे सरकारी कागदावर शोभतं. गावातल्या केंद्रावर फॉर्म भरताना एक मामा ऑपरेटरला म्हणाले, ‘हे लाल कामून झालं? काय पाहिजे ते तरी सांग की.’ मेसेजमध्ये काय चुकलं त्यापेक्षा काय लिहायचं ते आलं पाहिजे. ‘अवैध’ शब्दाने तर काही लोक घाबरतात, कागदच खोटे ठरले की काय असं त्यांना वाटतं.

५. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली, तरी मेसेज इंग्रजीतच. का?

बहुतेक वेळा ‘लोकेल मिडलवेअर’मुळे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक माणसाची भाषा ठरवणाऱ्या जँगोच्या भागामुळे. तो चालू असला की वाचणाऱ्याच्या ब्राउझरची भाषा आधी पाहिली जाते. ‘लँग्वेज_कोड’ ही शेवटची सोय असते. आपल्याकडे मोबाइल मराठी माणसाचा असला तरी त्याची सेटिंग इंग्रजीच असते, म्हणून जँगो इमानदारीने इंग्रजी देतं. ॲप फक्त मराठीत चालवायचं असेल तर ‘लँग्वेजेस’ यादीत एकट्या मराठीला ठेवा, किंवा तो मिडलवेअर काढा.

दुसरं कारण: तुम्ही मेसेज ‘गेटटेक्स्ट’ या भाषांतर करणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळलाय, ‘गेटटेक्स्ट_लेझी’मध्ये नाही. क्लासच्या अंगात लिहिलेली वाक्यं सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जातात. साधं ‘गेटटेक्स्ट’ त्याच क्षणी भाषांतर करून मोकळं होतं आणि पुढे भाषा बदलली तरी ते वाक्य बदलत नाही. ‘लेझी’ असलेलं दाखवायच्या वेळी भाषा विचारतं.

तिसरं: मूळ भाषांतरात ते वाक्यच कोरं आहे. जँगोच्या फोल्डरात मराठीची पीओ फाइल (भाषांतराची फाइल) असते, ती उघडून पाहा. पासवर्ड आणि लॉगिनचे मेसेज तिच्यात सापडणार नाहीत. ते ‘ऑथ’ ॲपच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात.

६. जँगोचं मूळ वाक्य माझ्या पीओ फाइलमध्ये घालून बदललं. पुढच्या वेळी ‘मेकमेसेजेस’ (भाषांतराची वाक्यं गोळा करणारी कमांड) चालवलं तर ते खोडलं गेलं!

कल्पना बरोबर होती. ‘लोकेल_पाथ्स’मध्ये दिलेल्या तुमच्या फोल्डरचा मान सगळ्यात वरचा, मग ॲपचे फोल्डर, शेवटी जँगोचं स्वतःचं. म्हणून मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, पूर्णविरामासकट, तुमच्या फाइलमध्ये लिहून पुढे मराठी दिली की साऱ्या ॲपभर ती लागू होते. पण ‘मेकमेसेजेस’ फक्त तुमचा कोड चाळतं. ते वाक्य तुमच्या कोडमध्ये कुठेच नसतं, म्हणून जुनं झालं असं समजून त्याच्यापुढे शेरा मारून ते निकामी केलं जातं.

युक्ती अशी: एक रिकामटेकडी पायथन फाइल ठेवा, जी कुठून आयात होत नाही. तिच्यात जँगोची जी वाक्यं बदलायची ती ‘गेटटेक्स्ट_नूप’मध्ये गुंडाळून लिहा. आता चाळणीत ती सापडतात. लांबीच्या मेसेजला एकवचन-अनेकवचन अशी जोडी असते. ती मात्र ‘एनगेटटेक्स्ट’ने दोन्ही रूपांसकट लिहावी लागते, एकच रूप दिलं तर जुळत नाही.

आणखी दोन गोष्टी. ‘फझी’ असा शेरा असलेली ओळ ‘कम्पाइलमेसेजेस’ सोडून देतं, मराठी लिहिलेली असली तरी. शेरा हाताने काढा. आणि खऱ्या सर्व्हरवर कम्पाइल केल्यानंतर प्रोसेस पुन्हा सुरू करा, नाहीतर जुनीच वाक्यं स्मरणात बसून राहतात. विंडोजवर ही कमांड चालत नसेल तर गेटटेक्स्टची साधनं वेगळी बसवावी लागतात.

७. ब्राउझरचा फुगा घालवायचा, किंवा मराठी करायचा.

घालवायचा असेल तर टेम्प्लेटमधल्या फॉर्म टॅगवर ‘नोव्हॅलिडेट’ लिहा, विषय संपला. फॉर्म क्लासमध्ये ‘यूज_रिक्वायर्ड_ॲट्रिब्यूट’ फॉल्स करणं हा अर्धा उपाय आहे: रिकाम्या रकान्याचा फुगा जातो, पण ईमेल आणि आकड्यांच्या रकान्यांचा राहतो.

मराठी करायचा असेल तर जावास्क्रिप्टची ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ आहे. तिच्यात मेसेज एकदा ठेवला की माणसाने माहिती सुधारली तरी फॉर्म अडूनच राहतो. रकान्यात काही टाइप झालं की तिला रिकामी स्ट्रिंग द्या. हे विसरल्यामुळे ‘बरोबर भरलं तरी जात नाही’ अशी तक्रार येते. मी स्वतः नोव्हॅलिडेट लावतो. एकाच चुकीला दोन जागी दोन भाषांत सांगायची गरज नाही.

८. मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या तक्त्याचा नमुना असलेल्या क्लासच्या) फील्डमध्ये मेसेज लिहिला, पण फॉर्मवर दिसतच नाही.

तुम्ही बहुधा ‘ब्लँक’ ही किल्ली दिलीय. रिकाम्या रकान्याला आधी फॉर्मचं फील्ड अडवतं आणि त्याची किल्ली ‘रिक्वायर्ड’ आहे. मॉडेलपर्यंत गोष्ट जातच नाही. मॉडेलमधले मेसेज तेव्हाच दिसतात जेव्हा चूक मॉडेलच्या तपासणीत सापडते आणि फॉर्मने त्याबद्दल वेगळं काही सांगितलेलं नसतं. ‘युनिक’ मात्र मॉडेलचीच तपासणी, म्हणून ‘हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे’ मॉडेलमध्ये लिहिलेलं छान चालतं.

९. मग मॉडेलफॉर्मच्या (मॉडेलवरून बनणाऱ्या फॉर्मच्या) ‘मेटा’मधल्या एरर_मेसेजेसमध्ये लिहिलं. तरीही नाही!

ते फील्ड मॉडेलफॉर्ममध्ये तुम्ही स्वतः पुन्हा लिहिलंय का? हाताने लिहिलेल्या फील्डला मेटामधलं काहीच लागू होत नाही, ना लेबल, ना मेसेज. मेसेज त्या फील्डमध्येच द्या.

१०. फॉर्म परत येतो, पण लाल अक्षर कुठेच नाही.

टेम्प्लेट हाताने लिहिताना ‘फॉर्म.नॉन_फील्ड_एरर्स’ विसरलात. दोन फील्ड मिळून झालेली चूक कुठल्या एका रकान्याची नसते, ती फॉर्मच्या डोक्यावर येते. ‘एका गावात एकच गट क्रमांक’ अशी ‘युनिक_टुगेदर’ची अट असेल तर तिचा मेसेज मेटामध्ये ‘नॉन_फील्ड_एरर्स’ या किल्लीखाली बदला.

त्या दोनपैकी एखादं फील्ड फॉर्ममध्ये नसेलच, म्हणजे गाव तुम्ही व्ह्यूमध्ये भरत असाल, तर ही तपासणी गाळली जाते आणि डेटाबेस थेट फॉर्म पाडतो. तेव्हा ‘क्लीन’मध्ये स्वतः तपासा. आणि लपवलेल्या रकान्यांच्या चुकाही छापा, तिथेही मेसेज दडून बसतात.

११. रेजेक्स व्हॅलिडेटरला (लिहिलेलं ठरलेल्या साच्यात बसतं का ते तपासणाऱ्याला) स्वतःचा मेसेज दिला, तो दुसऱ्याच मेसेजने झाकला जातो.

व्हॅलिडेटरने चूक सांगितली की फील्ड तिचा ‘कोड’ पाहतं. तो कोड फील्डच्या मेसेजच्या यादीत असेल तर यादीतला मेसेज जिंकतो. रेजेक्स व्हॅलिडेटरचा कोड ठरवला नाही तर ‘इनव्हॅलिड’ असतो आणि ती किल्ली बऱ्याच फील्डकडे आधीच असते. प्रत्येक व्हॅलिडेटरला वेगळा कोड द्या.

आयएफएससीचं उदाहरण घ्या. अकरा अक्षरं: पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, पुढची सहा शाखेची. लोक पाचव्या जागी शून्याऐवजी ‘ओ’ लिहितात, पासबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. एकाच रेजेक्सने ‘कोड चुकला’ म्हणण्यापेक्षा लांबीसाठी एक आणि पाचव्या जागेसाठी दुसरा व्हॅलिडेटर लावा: ‘पाचवं अक्षर शून्य आहे, ओ नाही’. आमच्या एका फॉर्मवर हा मेसेज घातला आणि बँकेच्या रकान्याबद्दलचे फोन जवळजवळ थांबले.

१२. मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहिला तर काय होतं?

गंमत आहे. पायथनच्या रेजेक्समध्ये ‘उलटी तिरकी रेघ आणि डी’ ही खूण देवनागरी अंकही अंक मानते. म्हणून दहा अंकांची अट पास होते आणि डेटाबेसमध्ये ९८… असाच नंबर जाऊन बसतो. पुढे एसएमएस जात नाही तेव्हा कळतं. ब्राउझरच्या ‘पॅटर्न’मध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक मानते, म्हणजे दोन दारांवर दोन नियम.

मी देवनागरी अंक नाकारत नाही. रेजेक्स दोन्ही घेऊ दे, नंतर ‘क्लीन_मोबाइल’ मेथडमध्ये इंग्रजी अंकांत बदला. हा क्रम महत्त्वाचा: क्लीन मेथड व्हॅलिडेटर झाल्यावर चालते. रेजेक्स फक्त इंग्रजी अंकांचं ठेवलं तर बदलायची वेळच येणार नाही. पूर्णांकाच्या फील्डला ही कटकट नाही, पायथन ‘४२’चं बेचाळीस आपणहून करतं.

१३. मराठीत वापरकर्ता-नाव लिहिलं तर ‘फक्त अक्षरं वापरा’ म्हणतं. अक्षरंच तर आहेत!

‘कमल’ लिहून पाहा, चालेल. ‘सीता’ चालणार नाही. जँगोचा नियम ‘उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू’वर उभा आहे आणि पायथन त्यात अक्षर आणि अंक मोजतं, पण वेलांटी, काना, हलन्त यांना अक्षर समजत नाही. मात्रा असलेलं कुठलंही नाव अडतं. युनिकोड चालेल असं सांगितलेल्या स्लगचंही (पानाच्या पत्त्यात येणाऱ्या छोट्या नावाचंही) तेच.

इथे मेसेज बदलणं म्हणजे चुकीचा नियम गोड शब्दांत सांगणं. नियमच बदला: तुमच्या यूजर मॉडेलमध्ये ‘यूजरनेम’ फील्ड पुन्हा लिहून त्याला नवा व्हॅलिडेटर द्या आणि त्यात युनिकोडचा देवनागरी पट्टा घ्या. त्यासोबत न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, तोही घ्या. गोऱ्हे, कऱ्हाडे अशी नावं काही कीबोर्डवरून त्याच्यासकट येतात आणि तो त्या पट्ट्याबाहेर आहे.

१४. पाच अक्षरांचं आडनाव, आणि मेसेज म्हणतो नऊ अक्षरं आहेत.

‘क्षीरसागर’ असणार. आपण क्षी-र-सा-ग-र मोजतो. संगणक क, हलन्त, ष, वेलांटी असं सुटंसुटं मोजतो, होतात नऊ. मर्यादा सढळ ठेवा आणि मेसेजमधून मोजलेली संख्या काढून टाका. ‘नाव फार लांब झालं, थोडक्यात लिहा’ पुरे. संख्या दाखवायचीच असेल तर ‘लिमिट_व्हॅल्यू’ आणि ‘शो_व्हॅल्यू’ या जागा वाक्यात वापरता येतात.

पत्त्याच्या मोठ्या रकान्यात आणखी एक: ब्राउझर नवी ओळ एक अक्षर मोजतो, पण पाठवताना ती दोन अक्षरांची होते. काठावरचा पत्ता ब्राउझर सोडतो आणि जँगो अडवतं.

१५. २५/०६ ही तारीख नाकारतं, ०५/०६ मात्र घेतं.

आणि घेतलेली चुकीची घेतं! जँगो अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याची मूळ सेटिंग अमेरिकी, तिथे महिना आधी. ५ जून लिहिलेलं ६ मे म्हणून साठतं, मेसेज येतच नाही. ‘इनपुट_फॉरमॅट्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष स्वतः लिहा, तिरकी रेघ, आडवी रेघ आणि टिंब या तिन्हींसाठी. मगच मेसेज: ‘आधी दिवस, मग महिना, मग वर्ष’.

१६. क्षेत्र १.२०.०० लिहिलं की ‘आकडा लिहा’ म्हणतं.

सातबाऱ्यावर तसंच असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. शेतकरी बघून लिहितो आणि दोन टिंबं दशांश फील्डला चालत नाहीत. मेसेज बदलून ‘एकच टिंब द्या’ असं मीही एकदा केलं होतं. फसलं. १ हेक्टर ५ आर असलेल्याने ‘१.५’ लिहिलं आणि ते दीड हेक्टर झालं. एकही एरर न येता ४५ आर जमीन वाढली.

आता दोन रकाने ठेवतो, हेक्टर वेगळे, आर वेगळे. आरला ‘मॅक्स_व्हॅल्यू’ ९९ आणि मेसेज: ‘१०० आर म्हणजे १ हेक्टर, तो शेजारच्या रकान्यात लिहा’. बोलताना सगळे एकर-गुंठ्यांत बोलतात, म्हणून रकान्याखाली मदतीची ओळ: ४० गुंठे म्हणजे १ एकर.

१७. एक्सेलमधून जुनी यादी फॉर्ममधून आत घेताना ‘औरंगाबाद हा पर्याय नाही’ येतं.

२०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. तुम्ही यादी सुधारली, जुन्या नोंदी तशाच राहिल्या. ‘इनव्हॅलिड_चॉइस’मध्ये ‘जिल्ह्याचं आताचं नाव निवडा’ लिहिता येतं, पण मुळात नाव साठवायलाच नको होतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना कायमचा छोटा कोड द्या, नाव फक्त दाखवायला. जुनी नोंद पडद्यावर दुरुस्त करताना आणखी वेगळं होतं: यादीत जुनं नाव सापडत नाही, रकाना कोरा दिसतो आणि ‘रिक्वायर्ड’चा मेसेज येतो. माणूस म्हणतो, मी तर जिल्हा आधीच भरला होता.

१८. मेसेजमध्ये लिंक किंवा टक्क्याचं चिन्ह चालतं का?

लिंक हवी तर ‘फॉरमॅट_एचटीएमएल’ वापरा. माणसाने टाइप केलेली माहिती ‘मार्क_सेफ’मध्ये कधीही घालू नका, कुणीतरी स्क्रिप्ट लिहून जाईल. ज्या मेसेजमध्ये जँगो संख्या भरतं तिथे टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा, नाहीतर पान पडतं. आणि आधार क्रमांक मेसेजमध्ये परत छापू नका. केंद्रावर मागे रांग उभी असते.

१९. मोबाइल ॲपसाठी रेस्ट फ्रेमवर्क आहे. हेच लागू होतं का?

नाही, तिथे माहिती तपासतो तो सीरियलायझर, आणि तो फॉर्म वापरत नाही. तिथेही फील्डला ‘एरर_मेसेजेस’ देता येतं, पण ‘रिक्वायर्ड’ म्हणजे किल्लीच आली नाही, ‘ब्लँक’ म्हणजे आली पण रिकामी, ‘नल’ वेगळंच. तिन्हींना मेसेज द्या.

२०. मेसेजमधला एक शब्द बदलला की टेस्ट लाल होतात.

टेस्टमध्ये वाक्य ताडू नका, कोड ताडा: फॉर्मच्या ‘हॅज_एरर’ला फील्डचं नाव आणि कोड द्या. त्यासाठी स्वतः ‘व्हॅलिडेशनएरर’ टाकताना कोड लिहायची सवय हवी (प्रश्न ११). वाक्य मग केंद्रावरच्या ऑपरेटर ताईंनी सुचवलं तसं दर महिन्याला बदला.